यादी लॉक करण्याआधी

पाटण तालुका,
१५ जानेवारी २०२२

प्रिय शलू,

काल संक्रांत झाली. कॉलेजला लागल्यापासून तुझ्या हातावर तिळगूळ न ठेवता गेलेली ही पहिलीच. तू तिकडे मँचेस्टरच्या थंडीत प्लॅब टूचा, तिथल्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेचा, सराव करत असशील. त्या परीक्षेत नट पेशंट बनून येतात म्हणे. आपल्या वॉर्डातल्या आज्यांसारखं ‘सगळंच दुखतंय गं बाई’ म्हणणारं कुणी तिथे भेटलं, तर तुझ्याइतके मार्क कुणालाच पडायचे नाहीत.

मेसेजमध्ये तू विचारलंस, ‘मेडिसिनच घेणार ना?’ त्यावर मी नुसता अंगठा पाठवला. खोटा होता तो. पीजी प्रवेशाचं काउन्सेलिंग एकदाचं १२ तारखेला सुरू झालं. १० जानेवारी २०२१ ची आपली नीट-पीजी परीक्षा आधी १८ एप्रिलवर गेली, मग ‘किमान चार महिने पुढे’ झाली आणि शेवटी ११ सप्टेंबरला झाली. त्यानंतर आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणातल्या आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेवरून सगळं कोर्टात अडकलं. एवढं थांबून आता पसंतीच्या विषयांची यादी भरायची वेळ आलीय, तर पहिल्या ओळीत मला मेडिसिन लिहावंसं वाटत नाही. पीएसएम, म्हणजे आपलं ते रोगप्रतिबंधक नि सामाजिक वैद्यकशास्त्र, लिहावंसं वाटतंय.

हसून झालं का? आता वाच.

मार्च २०२० आठवतो? इंटर्नशिप सुरू होऊन पंधरवडाही झाला नव्हता. एन-९५ एकच मिळायचा, तो कागदी पाकिटात नाव घालून खिळ्याला टांगायचा आणि पाचव्या दिवशी परत तोच तोंडाला लावायचा. तुझे बाबा गाडी घेऊन हॉस्टेलच्या गेटवर आले होते, तू आत नि ते बाहेर, आणि दोघंही रडत होता. मेसच्या पायऱ्यांवर आपला रोजचा एकच वाद, आपण डॉक्टर की विद्यार्थी? तूच म्हणाली होतीस, ‘ड्यूटी लावताना डॉक्टर, पैसे देताना विद्यार्थी.’ महिन्याला ११,००० विद्यावेतन, तेही वेळेवर येईल याची खात्री नाही. आणि ड्यूटीच्या आदेशावर कायदा कुठला, तर १८९७ चा साथरोग अधिनियम! प्लेगच्या वेळचा. त्याच वर्षीच्या जानेवारीत हाफकिनने मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये स्वतः केलेली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. आपल्याला मात्र लस नव्हती, नुसता कायदा होता.

टाळ्या-थाळ्यांनी आपल्या बॅचमधल्या कुणाचं मन बदललं असं मला तरी दिसलं नाही. आपल्याला ‘योद्धे’ म्हणणाऱ्याच एका सोसायटीने आपल्या सीनियरला खोली रिकामी करायला लावली. कॅज्युअल्टीत तुला त्या नातेवाइकांनी ढकललं, ती रात्र मी विसरलेले नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर सात वर्षांपर्यंत कैद, असा वटहुकूम एप्रिलमध्येच निघाला होता. तरी सकाळी वरिष्ठांनी तुलाच विचारलं, ‘तू त्यांच्याशी नीट बोलली नव्हतीस का?’ तू देश सोडलास तो पौंडांसाठी नाही, त्या प्रश्नासाठी, हे मला माहीत आहे. इथे कुणी नावं ठेवली तर मी तेच सांगते.

बाकीच्यांचं काय झालं? जवळजवळ काहीच नाही. ज्याला रेडिओलॉजी हवी होती त्याला अजूनही तीच हवी आहे. उलट आता तो म्हणतो, ‘माणसापासून जितकं लांब तितकं बरं.’ एकीचे वडील दुसऱ्या लाटेत गेले, ती चेस्टचं नावही काढत नाही, सायकियाट्री म्हणते. एक जण एमबीएच्या क्लासला बसलाय. साथीने सगळ्यांना हलवलं खरं, पण रांग तीच राहिली. रेडिओलॉजी नि स्किन पुढे, पीएसएम शेपटाला.

मीही त्याच रांगेत होते गं. तिसऱ्या वर्षाला दोनशेच्या हॉलमध्ये पीएसएमच्या तासाला आपण बाराजणं असायचो, त्यातही तू झोपलेली. विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची हे डॉक्टरला कशाला लागतं, असं मी त्या सरांना तोंडावर विचारलं होतं.

मग बॉण्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर, इथे आले. एप्रिल २०२१. शाळेत कोविड सेंटर, फळ्यावर अजून मराठीचा सुविचार होता. एका रात्रीचं तुला सविस्तर सांगायचंच राहिलं. पाच पेशंट मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजनवर होते आणि मोठे सिलिंडर सहा. एकात साधारण ७,००० लिटर. केसपेपरच्या पाठीवर गणित मांडलं, नऊ तास वीस मिनिटं. तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते, म्हणजे सकाळी सात वीसला संपणार. कऱ्हाडहून गाडी येणार आठला. मी तो भागाकार तीनदा केला, की चुकला असेल. चुकला नव्हता. मग पाचही जणांना पालथं झोपवलं. दोघांचं सॅच्युरेशन जरा वर आलं, त्यांना १० लिटरवर आणलं आणि रात्रभर एकेकाच्या बोटाला तुझा तो ऑक्सिमीटर लावत फिरले. सिस्टर मध्येच विचारायच्या, ‘मॅडम, किती उरलंय?’ मी सांगायचे, ‘पुरेल.’ गाडी सव्वाआठला आली. पुरलं.

आता खरी गोष्ट ऐक. सकाळी तालुका आरोग्य अधिकारी आले. हे सर स्वतः एमडी पीएसएम. मी त्यांच्यावर भडकले. ते काही बोलले नाहीत, एक साधी शंभर पानी वही पुढे केली. गावांची नावं, तारखा, आशाताईंनी फोनवर सांगितलेले ताप-खोकल्याचे आकडे. एका गावापुढे लिहिलं होतं, ‘हळद, ७ तारीख, वाडीतली ४ घरं.’ त्याखाली, ‘१५ पासून बेड लागतील.’ माझ्या पाचांपैकी तिघं त्याच वाडीचे होते. ज्यादा सिलिंडर मागणारं पत्र सरांनी आठ दिवस आधीच वर पाठवलं होतं. ते कुठल्यातरी टेबलावर बसून होतं.

मी रात्रभर जे गणित करत होते, ते ह्या माणसाने आठवडाभर आधी करून ठेवलं होतं. शिवाय त्या आकड्यांमागे कोण? महिन्याला हजार रुपये कोविड भत्त्यावर ऊन्हातान्हात वाड्या पालथ्या घालणाऱ्या बाया. जूनमध्ये त्या संपावर गेल्या तेव्हा आमच्या वहीत आकडेच यायचे बंद झाले. तेव्हा कळलं, डोळे कुणाचे होते ते.

तू म्हणशील, ‘अगं, म्हणजे तू पत्रं लिहायची आणि ती टेबलावर पडून राहायची, हेच करिअर का?’ याला माझ्याकडे उत्तर नाही. सरांचं पत्र वेळेत हललं असतं, तर कदाचित मी हा विचारच केला नसता. आणि यात त्याग-बिग काही नाही हं. मला ती रात्र परत नको आहे, इतकंच. मेडिसिन केलं तर त्या रात्रीच्या टोकालाच मी कायम उभी राहीन, आणि तिथे मी वाईट नाहीये, हेही मला माहीत आहे. म्हणून तर घोळ आहे.

घरी सांगितलं. बाबा गप्प झाले. आई म्हणाली, ‘पण मग दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिणार?’ आत्याचं वेगळंच, ‘एवढं शिकून शेवटी डास मोजायचे?’ तिला म्हटलं, हो, आणि ते कुणी मोजले नाहीत तर तुझ्या पुण्यात डेंग्यू होतो. चिडली. दादाने मात्र शांतपणे पगार विचारला. तोही योग्यच प्रश्न आहे, मलाही त्याची धाकधूक आहे.

उद्या रविवार आहे, पण परवा हायस्कुलात १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण आहे, त्याच्या याद्या उद्याच करायच्यात. गेल्या खेपेला नववीतला एक दांडगा पोरगा सगळ्यांना ‘घाबरू नका’ सांगत पहिला पुढे आला आणि सुई बघून धाडकन आडवा. शुद्धीवर आल्यावर म्हणतो, ‘मॅडम, उपवास होता.’ सिस्टरने त्याला खिशातला राजगिऱ्याचा लाडू दिला, तो त्याने लगेच खाल्ला.

यादीची पहिली ओळ अजून कोरी आहे. दुसऱ्या ओळीत मेडिसिन टाकून ठेवलंय. तुझा पेपर झाला की रात्री फोन कर, कितीही वाजू देत. शिव्या द्यायच्या असतील तर लॉक व्हायच्या आधी दे. आणि ऑक्सिमीटर परत मागू नकोस. त्याचं झाकण तुटलंय, मी चिकटपट्टी लावून वापरतेय.

तुझी,
अनू