'दिवसा एकाग्रतेसाठी' असा दावा करून विकलेल्या सॅटिव्हा-प्रधान गांजाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

गेल्या महिन्यात परवानाधारक दुकानातून मी आपल्या कंपनीच्या सॅटिव्हा-प्रधान (गांजाच्या सॅटिव्हा आणि इंडिका या दोन प्रकारांपैकी सॅटिव्हाचा अंश जास्त सांगितल्या जाणाऱ्या) वाणाची एक डबी विकत घेतली. डबीवर ठळक अक्षरांत 'दिवसा वापरासाठी : एकाग्रता आणि उत्साह' असे छापले आहे. केवळ त्या शब्दांवर विसंबून मी हे वाण निवडले, त्यामुळे माझी तक्रारही त्या शब्दांविरुद्धच आहे. मालाचा ताजेपणा किंवा पॅकिंग यांबद्दल माझे काही म्हणणे नाही.

माझे काम मुद्रितशोधनाचे आहे. सकाळी दहा वाजता घरीच व्हेपोरायझरमधून (गांजा न जाळता त्याची वाफ ओढण्याच्या उपकरणातून) दोन झुरके घेऊन मी कामाला बसले. पहिली दहा-पंधरा मिनिटे तरतरी वाटली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. त्यानंतर मात्र लांब वाक्य वाचताना क्रियापदापर्यंत पोहोचेतो कर्ता कोण होता हेच आठवेनासे झाले. पेन्सिलीचे टोक ओळीखाली टेकवून मी तीच ओळ पाच वेळा वाचली, आणि प्रत्येक वेळी मधल्या एखाद्या शब्दावरून मन दुसरीकडेच निघून गेले. छातीत धडधडही जाणवत होती. दुपारपर्यंत जेमतेम चार पाने झाली. दुसऱ्या दिवशी तीच पाने पुन्हा पाहिली, तेव्हा एकाच पानावर सात चुका राहून गेलेल्या आढळल्या. त्यांत 'स्मृतिदिन' या शब्दातला 'दिन' दीर्घ छापला गेला होता आणि तो माझ्या नजरेतून सुटला होता. ज्याने लेख लिहिला त्याच्यापुढे ते पान तसेच गेले असते तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. मात्रा जास्त झाली असेल असे समजून चार दिवसांनी मी एकच झुरका घेतला. त्रास कमी झाला, पण वाक्य हातातून निसटणे थांबले नाही.

यात नवल नाही, हे मला नंतर वाचून कळले, आणि आपल्याला ते आधीपासून ठाऊक असायला हवे होते. डबीवर टीएचसी (गांजातील नशा आणणारे मुख्य द्रव्य) २२ टक्के आणि सीबीडी (गांजातीलच, पण तशी नशा न आणणारे द्रव्य) १ टक्क्याहून कमी लिहिले आहे. टीएचसी मेंदूतील सीबी१ ग्राहींवर (पेशींवरील अशा द्रव्यांचे संकेत टिपणाऱ्या प्रथिनांवर) काम करते आणि वाचताना वाक्याचा धागा धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती त्यामुळे क्षीण होते. झाड सॅटिव्हा म्हणवले जाते की इंडिका, याने त्यात फरक पडत नाही. 'सॅटिव्हा' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'लागवड केलेली' एवढाच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये 'सॅटिव्हा' आणि लामार्कने १७८५ मध्ये 'इंडिका' ही नावे वनस्पतीच्या वर्गीकरणासाठी दिली, माणसाच्या मनावर होणाऱ्या परिणामासाठी नव्हे. गांजाच्या नमुन्यांच्या २०१५ मधील जनुकीय अभ्यासातही, वाणाचे सांगितले जाणारे सॅटिव्हा-इंडिका मूळ आणि त्याची प्रत्यक्ष जनुकीय जडणघडण यांत मध्यम स्वरूपाचाच मेळ दिसला. मग एवढ्या आधारावर एकाग्रतेचे आश्वासन कसे देता येते? लिमोनीन, पायनीन, मिर्सीन अशा टर्पीनांमुळे (वनस्पतीला वास देणाऱ्या द्रव्यांमुळे) परिणाम वेगळा होतो असे आपले म्हणणे असेल, तर त्यांचे प्रमाण डबीवर कुठेच का नाही?

हे वाण कोणाला रुचत असेल तर मला त्याबद्दल आक्षेप नाही. परंतु 'एकाग्रता' हा शब्द वाचून कोणी यंत्रावर काम करायला किंवा गाडी चालवायला निघाला, तर होणारे नुकसान चार पानांवर थांबणार नाही, आणि या काळजीपोटीच मी दुकानात बोलून न थांबता हे पत्र लिहीत आहे.

तरी डबीवरील हा दावा काढून टाकावा किंवा त्याला कोणत्या चाचणीचा आधार आहे ते मला लेखी कळवावे, माझ्या डबीच्या बॅचचा टर्पीनांसह संपूर्ण प्रयोगशाळा अहवाल पाठवावा आणि डबीची पूर्ण किंमत परत करावी, अशी माझी मागणी आहे. उरलेला माल आणि खरेदीची पावती मी जपून ठेवली असून तपासणीसाठी केव्हाही देण्यास तयार आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे तक्रार नोंदवीन.

आपली,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत आणि डबीवरील मजकुराचे छायाचित्र