उद्यानांत बाराही महिने सावली देणारी झाडे हवीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातील सार्वजनिक उद्यानाचे नुकतेच नूतनीकरण झाले. हिरवळ, कारंजे, रंगीत फरश्या आणि रॉयल पामच्या रांगा असे त्याचे नवे रूप आहे; परंतु चैत्र-वैशाखात सकाळी दहानंतर घटकाभर टेकावे अशी एकही जागा तेथे उरलेली नाही. फाटकाजवळ पूर्वी एक जुनी बकुळ होती. तिच्या पारावर म्हातारी माणसे भर दुपारी निवांत वर्तमानपत्र वाचत बसत आणि पहाटे लहान मुली फ्रॉकच्या ओच्यात फुले वेचीत. आराखड्यात बसत नाही म्हणून ती तोडण्यात आली.

पांगारा, काटेसावर, गुलमोहर यांच्या बहराने डोळ्यांचे पारणे फिटते, हे मलाही मान्य आहे. मात्र ऊन तापू लागते नेमके तेव्हाच ही झाडे निष्पर्ण झालेली असतात. याउलट बकुळ, जांभूळ, आंबा, सीताअशोक हे सदाहरित वृक्ष जुनी पाने टाकता टाकताच नवी पालवी धरतात, त्यामुळे त्यांची सावली ऐन उन्हाळ्यातही मोडत नाही आणि पानांतून बाहेर पडणाऱ्या बाष्पाने भोवतालची हवा निवते. अशोक म्हणून सर्रास लावला जातो तो सरळसोट खोटा अशोक. तोही सदाहरितच, पण त्याची सावली बुंध्यापुरतीच. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली, आणि तेथे आजही दुपारी गारवा मिळतो तो जुन्या, डेरेदार वृक्षांमुळेच.

राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे व त्यापुढील वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावणे बंधनकारक झाले. ही तरतूद स्वागतार्ह आहे; पण रोपांची नुसती संख्या भरून सावली परत येत नाही. कोणती झाडे लावली, त्यांच्या बुंध्याभोवती पाणी मुरण्यापुरती माती मोकळी ठेवली की थेट खोडापर्यंत काँक्रीट ओतले, हेही तपासले गेले पाहिजे.

बकुळ फार सावकाश वाढते. म्हणूनच येत्या मृगात, फाटकाजवळ आता सुशोभीकरणाचा फलक उभा आहे त्याच जागी बकुळीचे रोप लावावे आणि पुढील तीन उन्हाळे त्याला पाणी घालण्याची जबाबदारी निश्चित करावी, अशी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक