फर्मा लावून गतिरोधक बांधणाऱ्या मॅडमना

प्रति,
कनिष्ठ अभियंता, पथ विभाग

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

तुमची बदली झाल्याचं कळलं. नव्या ठिकाणीही पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ‘आमच्या गल्लीत स्पीडब्रेकर टाका’ असा अर्ज घेऊन उभं राहील, यात शंका नाही. तुमचे आभार मानायचे होतेच. ते जाहीरपणे आणि तपशिलासकट मानतो आहोत, कारण तुम्ही केलेलं काम कोणत्याही वॉर्डात करता येण्याजोगं आहे.

आमची गल्ली दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी. सिग्नल चुकवायला निम्मं गाव आतून घुसतं, आणि घुसलेला माणूस घाईतच असतो. अर्ज आला तसा मंजूर केला असतात, तर काम एका दुपारी उरकलं असतं. तुम्ही आधी विचारलंत, तक्रार वाहनांच्या वेगाची आहे की संख्येची? दोन्हींचे उपाय वेगळे, आणि मोजल्याशिवाय कुठला लागू पडेल ते कळत नाही.

वेग मोजायची तुमची रीत बिनखर्ची. रस्त्यावर खडूनं ५० मीटर अंतरावर दोन रेघा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. ६ सेकंदांत पार झालं तर ताशी ३० किलोमीटर, ४.५ सेकंदांत ४०, ३.६ सेकंदांत ५०. पुढे रिक्षा किंवा टेम्पो रेंगाळत असलेली वाहनं सोडायची, मोकळी धावणारी शंभर घ्यायची, वेग चढत्या क्रमानं लावून पंच्याऐंशीवा आकडा बघायचा. सरासरी बघितली तर सुसाट जाणारे तिच्यात लपून जातात. मोजणं गॅलरीतून करायचं, कारण हातात वही घेतलेला माणूस रस्त्यात दिसला की सगळे शहाण्यासारखे चालवतात.

तीस आणि पन्नासमधला फरक तुम्ही बैठकीत फळ्यावर मांडून दाखवलात. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला, तर ताशी ३० ची गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरवर थांबते. ताशी ५० ची गाडी तेवढ्या अंतरात ब्रेक लावायलाही सुरुवात करत नाही. ती थांबते २८ मीटरच्या आसपास. ‘पोरांनी नीट बघून रस्ता ओलांडावा’ म्हणणारे त्यानंतर गप्प बसले.

आरपार जाणारी वाहनं शोधायला दोन्ही टोकांना एकेक माणूस बसवायचा. नंबराचे शेवटचे चार आकडे आणि वेळ, एवढंच टिपायचं. चारशे मीटरच्या गल्लीत शिरलेलं वाहन दोन मिनिटांच्या आत दुसऱ्या टोकाला दिसलं, तर त्याचं इथे काही काम नव्हतं. शेजारच्या दोन्ही गल्ल्यांतही त्याच वेळी मोजायला लावलंत, हे फार बरं झालं. नाहीतर आपली गल्ली शांत आणि शेजाऱ्यांच्या नशिबी रांगा, हा नेहमीचा प्रकार झाला असता.

एकदिशा मार्ग करण्याची सूचना तुम्ही मोडीत काढलीत, त्याबद्दल वेगळे आभार. समोरून कुणी येत नाही म्हटल्यावर लोक आणखी दामटतात, आणि दुचाकीवाले उलटे यायचे ते येतातच. त्याऐवजी मधल्या चौकात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी बोलार्डची, म्हणजे वाहनं अडवणाऱ्या आखूड खांबांची, रांग सुचवलीत. चारी बाजूंनी आत येता येतं, पण सरळ पलीकडे जाता येत नाही, वळून निघावं लागतं. टोक कुठेच बंद होत नसल्यामुळे घंटागाडी आणि स्कूलबसला रिव्हर्स घ्यावं लागत नाही. खांबांमधलं मोकळं अंतर १.२ मीटर. व्हीलचेअरला ९० सेंटीमीटर पुरतात आणि रिक्षा साधारण १.३ मीटर रुंद, त्यामुळे ती जात नाही. मधले दोन खांब कुलूप लावून काढता येणारे. ते काढले की ४ मीटर वाट मिळते आणि अग्निशमनाचा बंब जातो. किल्ली अग्निशमन केंद्रातही हवी, फक्त सोसायटीच्या वॉचमनकडे असून चालणार नाही, हा तुमचा आग्रह होता. दुचाकी अशा फटीतून जाणारच, हेही तुम्ही लपवलं नाहीत. परदेशातल्या गल्ल्यांचे फोटो दाखवणारे नेमकं हेच विसरतात. आपल्याकडे निम्म्याहून जास्त प्रश्न दुचाकीचा, म्हणून वेगाचा बंदोबस्त वेगळा लागतो.

खांब पुरण्याआधी पाणी भरलेले प्लास्टिकचे बॅरिकेड ठेवून चाचणी घेतलीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे महिन्याभरापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्रात अधिसूचना लागत नाही, वाहतूक शाखेच्या आदेशावर भागतं. हरकती-सूचनाही त्याच काळात येतात. पहिल्या आठवड्याचे आकडे धरायचे नाहीत, तेव्हा सगळे चुकून येतात आणि चौकात गोंधळ घालतात. मोबाइलच्या नकाशावर बदल कळवला नाही तर हा गोंधळ लांबतो.

आता गतिरोधक. आधी इथे काळ्या-पिवळ्या रबरी पट्ट्या ठोकलेल्या होत्या. त्या जेमतेम फूटभर रुंद. हळू जाणाऱ्या स्कूटरवाल्याची कंबर मोडते, आणि वेगानं जाणाऱ्या मोटारीचं सस्पेन्शन तो दणका गिळून टाकतं. म्हणजे शिक्षा नेमकी चुकीच्या माणसाला. वर बोल्ट निघून खिळे उघडे पडतात ते निराळंच. तुम्ही भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं जुनं माप काढलंत: रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटीमीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ब्रिटनच्या सरकारी रस्ते प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात तपासलेला घाट हाच. ताशी २५ ला गाडी अलगद जाते, चाळीसला चालक डोकं टपाला टेकवून येतो.

माप कागदावर सगळ्यांकडे असतं. जागेवर ठेकेदाराच्या डोळ्याचा अंदाज चालतो. तुम्ही प्लायवूडचा फर्मा, म्हणजे गतिरोधकाच्या गोलाईचा साचा, कापून आणलात. मध्ये १०, काठापासून ९२.५ सेंटीमीटरवर ७.५, काठावर शून्य. सहा मीटर रुंद रस्त्याला साधारण दीड घनमीटर, म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास गरम डांबरी माल लागतो. एवढासा माल ट्रकमध्ये लवकर गार होतो आणि गार माल दबत नाही. काठ सुटून खड्डा तिथूनच सुरू होतो. म्हणून दोन्ही काठांना जुनं डांबर इंचभर खोदून खाच घेतलीत, खाली टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटावा म्हणून डांबराचा पातळ हात, मारलात. मोठा रोलर माथा सपाट करून टाकतो, तो परत पाठवून प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरत्या पत्र्यानं माल दाबणारं छोटं यंत्र, मागवलात. मग फर्मा तीन ठिकाणी आडवा धरून, खालून उजेड दिसतो का ते वाकून बघितलंत. एका ठिकाणी दिसला, आणि तेवढा भाग माल गरम असतानाच भरून घेतलात.

पाण्याचा विचारही आधीच केलात. गतिरोधक पावसाळी चेंबरच्या जरा उताराकडे, म्हणजे पाणी अडण्याआधी जाळीत उतरतं. फूटपाथच्या कडेला पाण्यासाठी ३० सेंटीमीटर फट सोडली की दुचाकीवाले तिथूनच सूऽऽ करून निघतात. त्या फटीच्या तोंडाशी रिफ्लेक्टरची पट्टी लावलेला कमरेएवढा खांब रोवलात. दोन गतिरोधकांत ८० ते १०० मीटर ठेवलेत, कारण त्याहून लांब झाले की मधल्या पट्ट्यात पुन्हा शर्यत.

तुमच्या जागी आलेल्या साहेबांना फाइल दाखवली आहे. फटीत अडकणारा पालापाचोळा आठवड्यातून एकदा काढायचं झाडूवाल्या मावशींशी ठरलं आहे. ४० मीटर आधी लावलेल्या सूचना फलकांपैकी एक गुलमोहराच्या फांदीआड गेला आहे, त्याचा अर्ज उद्यान विभागात दिला आहे. फर्मा सोसायटीच्या जिन्याखाली ठेवला आहे. तुम्हाला तिकडे लागला तर टेम्पोनं पाठवून देऊ.

कळावे, लोभ असावा.

आपले,
गल्लीतले रहिवासी