शेवाळ उपटणाऱ्या बाईचं पत्र

काने-ओहे, ओआहू बेट, हवाई
रविवार दुपार

प्रिय शुभा,

तुझा निरोप ऐकला. "एम.एस्सी. बॉटनी झालेली बाई अमेरिकेत जाऊन शेवाळ उपटते" हे तू स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलंस आणि वर मला कळवलंसही. उपटते बाई. महिन्यातून एकदा-दोनदा शनिवारी जाते आणि कंबरभर पाण्यात उभी राहून उपटते. कालच जाऊन आले. दोनदा साबण लावून हात धुतले तरी तो मिठाळ, किंचित कुजका वास आहेच. देवगडला सुकतीच्या वेळी खडपावर बसलं की यायचा तोच.

पण त्याच निरोपाच्या शेवटी तू एक खरा प्रश्न विचारलायस. तुझ्या भाच्याला बांबूचे तराफे टाकून समुद्रशैवालाची शेती करायची आहे, मालवणच्या बाजूला जागा बघतोय, बी कप्पाफायकस नावाच्या शैवालाचं आणणार, आणि यात काही धोका आहे का. हे फोनवर पाच मिनिटांत उरकणारं नाही. कारण मी ज्या खाडीकाठी राहते तिथे नेमकं हेच झालं होतं.

आधी ते तळं सांगते, म्हणजे मी शनिवारी कुठे असते ते कळेल. हेएइआ नावाचं जुनं मत्स्यतळं आहे, सहाशे ते आठशे वर्षांचं. किनाऱ्यापासून समुद्रातच सुमारे दोन किलोमीटरचा गोल बांध घातलेला आहे. दोन्ही बाजूंना काळ्या लाव्हाच्या दगडांची रचाई आणि मध्ये प्रवाळाचे तुकडे आणि मातीची भर. गोव्याची खाजणं आठवतात ना आपल्या सहलीतली, बांधातले ते मानस? इथेही बांधाला लाकडी जाळीची दारं आहेत, त्यांना माकाहा म्हणतात. बारीक पिल्लू जाळीतून आत येतं, तळ्यातलं शेवाळ खाऊन लठ्ठ होतं, आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. इथले मूळचे लोक मुख्यतः बोयच्या जातीचे, म्हणजे शेवाळ खाणारे मासे वाढवायची. मासे खाणारे मासे पाळायचे तर त्यांना आधी मासेच घालावे लागतात. इथे उथळ पाणी, ऊन आणि डोंगरातल्या ओढ्याचं गोडं पाणी एवढं मिळालं की शेवाळ आपोआप उगवतं. खत नाही, खाद्य नाही. खरं पीक शेवाळाचं, काढणी तेवढी माशांची.

१९६५ च्या पुरात हा बांध फुटला. ते खिंडार गावच्या लोकांनी आणि स्वयंसेवकांनी हाताने दगड रचून २०१५ मध्ये बुजवलं. दरम्यान तळ्यात शिरलं ते गोरिला ओगो, आपल्या कोकणातल्या ग्रासिलारिया शेवाळाचंच भावंड. त्याची जाड, ठिसूळ गादी तळाला पसरते आणि खालचं सगळं गुदमरतं. आम्ही ती उपटून बादल्या भरतो, रांगेने पुढे देतो. खाता येतं, लोक थोडं घरीही नेतात.

इथे एक गोष्ट बघून पहिल्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं. माणसं कांदळं तोडत होती! आपण पोरांना घेऊन कांदळवन वाचवायच्या फेऱ्या काढलेल्या, आणि इथे करवती चालताहेत. मग कळलं की हवाईत कांदळं मूळची नाहीतच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणून लावली, आणि त्यांची मुळं बांधाचे दगड उचकटतात. पटलं, पण हात काही करवतीकडे गेला नाही. मी आपली शेवाळाच्या रांगेत.

आता कप्पाफायकस. तळ्याच्या बाहेर, खाडीत, मोकू ओ लोए नावाचं छोटं बेट आहे. तिथे हवाई विद्यापीठाची सागरी जीवशास्त्राची संस्था आहे. मॅक्सवेल डोटी हे विद्यापीठातले शैवालतज्ज्ञ. फिलिपाइन्समध्ये शैवालाची शेती उभी राहिली त्यात त्यांचा मोठा वाटा, आणि त्या शेतीवर तिकडच्या हजारो कोळी कुटुंबांची चूल पेटली हेही खरं. कॅरॅगिनन मिळतं ना त्यातून, आइस्क्रीम आणि टूथपेस्ट दाट करणारं. १९७४ मध्ये ते शैवाल प्रयोगासाठी या बेटाभोवतीच्या उथळ प्रवाळावर आणून ठेवलं. मधे खोल पाण्याचे पट्टे आहेत, ते ओलांडून हे जाणार नाही, असा तेव्हाचा समज. ते बीजाणूंवर अवलंबून नव्हतंच गं. तुकडा मोडला, वाहत गेला, जिथे अडकला तिथे वाढला. वर्षाला साधारण २५० मीटर अशा चालीने ते खाडीभर गेलं आणि जिवंत प्रवाळावर बसलं. गोरिला ओगोही १९७८ मध्ये अगरच्या, म्हणजे चायना ग्रासच्या, शेतीसाठीच या खाडीत आणलेलं. चायना ग्रासची बर्फी खाताना आपल्याला कुठे माहीत असतं हे सगळं!

आणि हे फक्त हवाईतलं नाही. तामिळनाडूत मंडपमजवळ याची शेती सुरू झाली आणि मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाच्या प्रवाळांवर ते पसरल्याचं संशोधकांनी २००८ मध्ये नोंदवलं. ते 'करंट सायन्स'मध्ये छापून आलंय, कॉलेजच्या लायब्ररीत सापडेल. भाच्याला वाचायला लाव.

इथे ते काढायला काय काय केलं ऐक. आधी हाताने. मग तराफ्यावर मोठा पंप बसवला, त्याचं नाव 'सुपर सकर'. पाणबुडे खाली जाऊन शेवाळ सोडवून नळीच्या तोंडाशी धरतात, ते वर येतं, त्यातले जीव वेचून परत पाण्यात सोडतात, आणि शेवाळ पोत्यांत भरून अळूच्या शेतांना खत म्हणून जातं. पण तळाशी चिकटलेला इवलासा तुकडा राहिला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून २०११ पासून पंपामागोमाग काटेरी सी-अर्चिन सोडायला लागले. इथलीच जात, ट्रिप्न्यूस्टिस, होनोलुलूच्या सरकारी केंद्रात अंड्यापासून वाढवलेली. आतापर्यंत पाच लाखांहून जास्त सोडलीत. मी पाहिलीत ती, बटाट्याएवढी, गमतीदार. अंगावर शिंपल्याचे आणि शेवाळाचे तुकडे पांघरून बसतात, गोधडी घेतल्यासारखी. आणि रात्रंदिवस चरतात.

पण सगळ्यात मजेशीर हकीकत तिसऱ्याच शेवाळाची आहे. डिक्टिओस्फेरिया, हिरव्या फुगेवाल्या जातीचं, इथलंच. कित्येक वर्षं खाडीत शहराचं सांडपाणी सोडत होते, त्यावर ते असं माजलं की प्रवाळ त्याखाली दिसेना. १९७७-७८ मध्ये सांडपाण्याची नळी खोल समुद्रात वळवली. पाणी निवळलं, शेवाळ कमीही झालं, पण गेलं नाही, पुढची जवळजवळ तीस वर्षं ठाण मांडून बसलं. मग २००६ च्या वसंतात इथे सहा आठवडे पाऊस लागला. आपल्या आषाढासारखा, सूर्य दिसेना. गढूळ पाणी, वर ढग. उजेड मिळेना तशी त्या शेवाळाची सालं निघाली, आणि ऊन पडल्यावर ते पूर्वीसारखं परत आलं नाही. सांडपाण्याची नळी वळवून तीस वर्षांत जमलं नव्हतं ते ढगांनी दीड महिन्यात केलं. याचं श्रेय कुणाच्या अहवालात लिहायचं सांग!

हे वाचून तुला वाटेल शेवाळ वाईट. माझंही पहिल्या वर्षी तसंच झालं होतं. आपल्या भाषेची पंचाईत अशी की बाथरूमच्या फरशीवरचं ते शेवाळ आणि अख्खं बेट बांधणारं तेही शेवाळच. लाट फुटते त्या प्रवाळाच्या कडेला मला एकदा एका मुलीने मास्क लावून नेलं. तिथे नाजूक फांद्यांचं काही टिकत नाही, सगळा खडक गुलाबी, रंगाचा डबा सांडल्यासारखा. हात लावला तर दगड. आणि ते शेवाळ! कोरलाइन अल्गी, आपण थॅलोफायटाच्या पेपरला दोन ओळींत उरकलेलं. ते अंगात चुना साठवतं आणि मोडके प्रवाळ, शिंपले, वाळू यांना सांधून घट्ट करतं. गवंड्याचं काम. वर प्रवाळाचं पिल्लू पाण्यात तरंगत घर शोधत असतं, तेव्हा ते या गुलाबी कवचाच्या वासावर, म्हणजे त्यातल्या रसायनांवर, खाली उतरतं. मऊ झिपऱ्या शेवाळाची गादी असेल तर त्याला टेकायला जागाच नाही.

तुवालूतल्या फुनाफुटी बेटावर १८९६ ते ९८ या तीन वर्षांत लंडनच्या रॉयल सोसायटीने भोक पाडलं होतं, प्रवाळबेटं कशी बनतात हा डार्विनचा सिद्धान्त तपासायला. १,११४ फूट खाली गेले. बेटाच्या पोटातून जो गाभा निघाला त्यात महत्त्वाच्या क्रमाने पहिलं लागलं ते हे चुनेदार लाल शेवाळ, दुसरं हॅलिमेडा (तेही शेवाळच), तिसरे फोरामिनिफेरा (चुन्याच्या कवचाचे सूक्ष्म एकपेशीय जीव), आणि प्रवाळ चौथ्या नंबरवर! म्हणजे ज्यांच्या नावाने बेट ओळखलं जातं त्यांचा नंबर चौथा. घराण्यात असं चालतंच म्हणा.

आणि प्रवाळाच्या पेशींत राहणारं एकपेशीय शैवाल तर तुला माहीतच आहे. प्रवाळाचं बहुतेक अन्न तेच उन्हात शिजवतं. २०१९ मध्ये मी इथे नवीन होते. त्या वर्षी पाणी तापलं आणि ते शैवाल प्रवाळांना सोडून गेलं. खाडीत पांढरेफटक प्रवाळ पाहिले. लोक फोटो काढत होते, सुंदर दिसतं म्हणून. उपाशी जीव होते ते. काही पुढे सावरले, काहींवर दोन-तीन आठवड्यांत तपकिरी लव चढली.

ती लव चढली की पुढे काय, हे ठरवतात खाणारे. इथला उहू, म्हणजे पोपटमासा, चोचीने खडक खरवडतो आणि चुन्याची वाळू करून मागे टाकतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो. त्याच्या खरवडण्याने जागा मोकळी होते आणि तिथे गुलाबी शेवाळ बसतं. माउई बेटावर काहेकिली इथे २००९ पासून पोपटमासे, सर्जनमासे आणि सी-अर्चिन धरायला बंदी आहे, बाकी मासेमारी चालू. काही वर्षांत पोपटमासे वाढले, गुलाबी कवच वाढलं. गंमत म्हणजे त्याच्याच जवळ सांडपाणी प्रक्रिया केंद्र विहिरींतून जमिनीत पाणी सोडत होतं आणि ते झिरपून समुद्रात निघत होतं. रंग टाकून सिद्ध केलं संशोधकांनी. लोकांनी खटला भरला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, २०२० मध्ये निकाल मुख्यतः लोकांच्या बाजूने लागला. एका हाताने मासे राखायचे आणि दुसऱ्या हाताने शेवाळाला खत घालायचं. आपल्याकडे हे होत नाही असं मी म्हणणार नाही.

इथले मूळचे लोक शेवाळाला लीमू म्हणतात आणि नावानिशी ओळखतात, आपण तांदळाच्या जाती ओळखतो तसं. लीमू कोहू कच्च्या माशाबरोबर, थोडंसंच, उग्र असतं. लीमू काला भांडण मिटवताना वापरायचं. इझाबेला अबॉट यांचं नाव तू ऐकलं असशील. १९१९ मध्ये माउईवर जन्मल्या, लीमूची नावं आईकडून शिकल्या, १९५० मध्ये बर्कलीहून पीएच.डी. घेतली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली मूळ हवाईयन स्त्री. पुढे दोनशेवर जाती शोधल्या. पुस्तक, मायक्रोस्कोप सगळं आईच्या स्वयंपाकघरापासून सुरू. मी कुणकेश्वरच्या सहलीला ट्रेमध्ये पाण्यात शेवाळ पसरवून कागदावर उचललं, वर मलमलीचा कपडा घातला, नाव लिहिलं. आजी तेच शेवाळ माडाच्या आळ्यात टाकायची. तिला कधी विचारलंच नाही काय म्हणते याला.

एक ताजी धास्ती सांगते. इथून वायव्येला फार लांब, माणसं राहत नाहीत अशा मानावाई बेटाभोवती २०१६ मध्ये थोडंसं अनोळखी लाल शेवाळ दिसलं. २०१९ मध्ये गेले तर जाजमासारखं पसरलेलं, खाली सगळं मेलेलं. २०२० मध्ये त्याला नाव मिळालं, कोंड्रिया ट्युम्युलोसा. तेव्हा जगात दुसरीकडे कुठे नोंद नव्हती. कुणी आणलं म्हणावं तर तिथे बंदर नाही, शेती नाही, सांडपाणी नाही. मासे त्याला तोंड लावेनात. नंतर त्याच बाजूच्या मिडवे आणि कुरे या बेटांवरही सापडलं. आमच्याबरोबरचे पाणबुडे तिकडून आले की आपलं सामान जंतुनाशकात बुडवून ठेवतात.

तर भाच्याला नको म्हणू नकोस, पोराला कामाची गरज आहे. पण त्याला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत हे माहीत आहे का ते विचार. तराफ्याची दोरी तुटली तर तुकडा कुठे जाईल, म्हणजे भांगाला आणि उधाणाला पाणी कुठल्या अंगाने ओढतं, हे तिथल्या रापणवाल्यांना विचारायला सांग, कंपनीच्या माणसाला नको. आणि तिथे ते खाणारं कोण आहे, हे एकदा मास्क लावून स्वतः बघू दे. कोकणच्या खडपांवर आपलंच ग्रासिलारिया आहे, सर्गॅसम आहे. त्यांच्यावर काही करता येतं का, हे तू त्याच्याबरोबर बसून शोध. मीही इथे विचारून कळवते.

डिसेंबरात पोरांना कुणकेश्वरला नेशील तेव्हा देवळामागच्या खडपातल्या डबक्यांत बघ. पाण्याखालच्या दगडावर गुलाबी चट्टे दिसले तर नखाने खरवडून पाहा, निघतंय का. आपण तेव्हा त्यांच्यावर चपला ठेवून फोटो काढले होते बहुतेक. फोटो पाठव.

इथलं शेवाळ कागदावर चिकटवून पाठवणार होते, पण कस्टमवाले धरतील. म्हणून कोरलाइनचं पेन्सिलने काढलेलं चित्र सोबत आहे. गुलाबी रंग संपला होता, मुलाच्या डब्यातला घेतला, त्यामुळे जरा भडक झालाय.

काकूंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझीच,
मीनल