वजन उतरल्यानंतरच्या वर्षांसाठी आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

सर्जनसाहेबांचे आभार मी केव्हाच मानले. ते सगळेच मानतात, आणि मानायलाच हवेत. पण डायटिशियनला कुणी आभाराचं पत्र लिहिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. ज्यांची बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठीची, सर्जरी नुकतीच झाली आहे किंवा व्हायची आहे, त्यांच्याही नजरेला ते पडावं.

वजन भराभर उतरत होतं तेव्हा मला कौतुकाची ददात नव्हती. भेटेल तो विचारायचा, किती उतरलं, कसं उतरलं. पुढे वजन स्थिरावलं आणि विचारणारेही पांगले. साहजिकच आहे. उतरलेलं वजन दिसतं, न वाढलेलं कुणाला दिसणार? ते बघणाऱ्या तुम्ही एकट्या. फाईल उघडायची, मागच्या खेपेचा आकडा बघायचा, आजचा बघायचा आणि म्हणायचं, "तेवढंच आहे. उत्तम." एवढं ऐकण्यासाठी मी फॉलोअपला येत राहिलो, असं म्हटलं तरी चालेल.

माझ्या डोक्यात तेव्हा एक छान गोल आकडा होता. कॉलेजच्या दिवसांतला असावा. तुम्ही तो ऐकून घेतलात आणि कागदावर एकाऐवजी दोन आकडे लिहिलेत, मध्ये काही किलोंचं अंतर ठेवून. म्हणालात, शरीरातलं पाणीच रोज कमी-जास्त होतं, एका आकड्यावर उभं राहायला जाल तर रोज सकाळी तोल जाईल. शिवाय एवढं वजन उतरल्यावर सैल झालेली कातडी अंगावर राहते, तिचंही वजन असतं. आणि गोल आकड्यासाठी स्नायू झिजवून उपयोग काय? तक्त्यात शोभणाऱ्या वजनापेक्षा रक्तदाब, साखर, झोप नीट राहील आणि वर्षानुवर्षं सांभाळता येईल असं वजन तुम्ही माझ्यासाठी निवडलंत. वरच्या आकड्यासमोर लिहिलंत, "इथे पोचलात की फोन. आधी स्वतः कमी करून मग यायचं नाही." हे शेवटचं वाक्य किती मोलाचं होतं ते मला नंतर कळलं. वजन वाढलं की फॉलोअप चुकवायचा, ही आमच्या जमातीची जुनी सवय तुम्हाला पुरती ठाऊक होती.

दुसरी गोष्ट तुम्ही सगळं सुरळीत चालू असतानाच सांगून ठेवलीत. माझी झाली ती स्लीव्ह सर्जरी. तिच्यात पोटाचा, म्हणजे जठराचा, साधारण ८० टक्के भाग काढून टाकतात. भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्याच भागात, पोटाच्या वरच्या फुगीर बाजूला तयार होतं. म्हणून सुरुवातीचे महिने भूक जणू गावाला गेलेली असते. पुढे ती हळूहळू परतते. त्यातच शरीर लहान झालेलं असतं, त्याला पूर्वीइतकं इंधन लागत नाही, आणि उतरलेलं वजन परत मिळवायचा त्याचा स्वतःचा प्रयत्न चालूच असतो. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे तुम्ही मला दाखवले होते. गॅस्ट्रिक बायपास (पोट लहान करून आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळणारी दुसरी सर्जरी) केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे थोडं परत आलं, बरंचसं आलं नाही. तुम्ही म्हणालात, "मधले हे सात टक्के बघून ठेवा. उद्या तुमच्या वाट्याला थोडे आले तर स्वतःला शिव्या घालत बसू नका."

जन्मभर वजनावरून फक्त संयमाची व्याख्यानं ऐकलेल्या माणसाला हे केवढं मोकळं करणारं होतं, ते कसं सांगू! सर्जरी म्हणजे सोपी पळवाट, असं म्हणणारे अजूनही भेटतात. मी आता त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांना एकदा तुमच्यासमोर बसवावं असं मात्र वाटतं.

खाण्याबद्दल तुम्ही मला यादी दिलीत, पण खरी तपासणी यादीबाहेरची असायची. इतर सगळे विचारत, काय खाता? तुम्ही विचारायचात, किती वेळा खाता, बसून खाता की उभ्याने, घास संपल्यावर पाणी किती वेळाने पिता. लहान झालेलं पोट घट्ट अन्नाला अडवतं. मऊ, विरघळणारं, कुरकुरीत खाणं मात्र पटकन पुढे सरकतं. बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम, गोड पेयं यांनी पोट भरल्यासारखं वाटतच नाही. जेवताना पाणी पीत राहिलं तर बाकीचं अन्नही लवकर खाली उतरतं, असं तुम्ही सांगितलंत. म्हणून जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. ताटात आधी प्रोटीन, मग भाज्या, जागा उरली तर बाकीचं. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन. आणि दिवसभर येता-जाता थोडं थोडं तोंडात टाकत राहणं हा वजन परत येण्याचा सगळ्यात गुपचूप रस्ता. त्यात एकही मोठं जेवण नसतं, त्यामुळे संशयच येत नाही. हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत, की आता उभ्याने काही खायला गेलो की तुमचा आवाज कानात येतो. (हे आभार आहेत की तक्रार, ते तुम्हीच ठरवा.)

व्यायामाबाबत तुमचा हट्ट चालण्यापेक्षा वजनं उचलण्यावर होता. वाढत्या वयात जड वस्तू उचलायला लावणाऱ्या बाईंचा मला तेव्हा राग आला होता. आता जिने चढतो तेव्हा येत नाही.

गोळ्यांचं थोडक्यात लिहितो, पण इथे तुमचा आवाज सगळ्यात कडक असायचा. वजन छान टिकलंय म्हणून व्हिटॅमिन बंद करणारे पेशंट तुम्ही पाहिले होते. बी-१२चा साठा यकृतात असतो आणि तो संपायला कधी कधी काही वर्षं लागतात. त्यामुळे काहीच होत नाही असं वाटत राहतं, आणि मग हातापायांना मुंग्या येऊ लागतात. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मध्ये निदान दोन तास. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातलं, तेही विभागून. वर्षातून एकदा रक्ततपासणी, तब्येत कितीही ठणठणीत वाटली तरी. दारूबद्दलही तुम्ही आडपडदा न ठेवता विचारलंत. सर्जरीनंतर, विशेषतः बायपासनंतर, ती लवकर चढते आणि काहींमध्ये दुसऱ्या वर्षापासून तिचं प्रमाण वाढू लागतं, हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग तो फोन. काटा तुम्ही लिहिलेल्या दोन आकड्यांमधला वरचा आकडा ओलांडून गेला होता. खाणं तेच, व्यायाम तोच. तुम्ही आहाराची वही मागाल अशा तयारीने मी बसलो होतो. तुमचा पहिला प्रश्न आला, "नवीन औषध काही सुरू झालंय का?" झालं होतं. दुसऱ्या एका आजारासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं होतं. त्याने भूक वाढते, अंगात पाणी साठतं, हे तुम्ही समजावून सांगितलंत. मनाने गोळी बंद करायची नाही, असं बजावलंत आणि त्या डॉक्टरांना स्वतः चिठ्ठी लिहिलीत. त्यांनी मात्रा हळूहळू उतरवली, वजनही उतरलं. तेवढ्याने भागलं नसतं तर काय, तेही तुम्ही त्याच दिवशी शांतपणे मांडलंत: भूक कमी करणारी इंजेक्शनं आहेत, काहींना पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, आणि यातलं काहीही घेणं म्हणजे हरणं नव्हे. वही तुम्ही मागितलीच नाहीत. ती मी अजून जपून ठेवली आहे, उगाचच.

मॅडम, एक विनंती आहे. हे सगळं मला सर्जरीनंतर कळलं, ते आधी कळायला हवं. पोट कसं लहान करतात याचं चित्र सगळ्यांना दाखवतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी काय होतं याचं कुणी दाखवत नाही. सर्जरीआधीच्या समुपदेशनात तुमच्या त्या दोन आकड्यांचा कागद ठेवता आला तर बघा. सोबत बोलायला एखादा जुना पेशंट हवा असेल तर मी येईन. सकाळची वेळ ठेवा, संध्याकाळी माझी वजनं उचलायची वेळ असते.

वार्षिक तपासणीचे रिपोर्ट या आठवड्यात येतील. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, मागच्या वेळी काठावर होतं, तेवढं आधी बघा.

आपला कृतज्ञ,
एक स्लीव्हवाला पेशंट