लोड टेस्टच्या स्क्रिप्टसाठी वेळ देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमची टीम वेगळी, प्रोजेक्ट वेगळा. तरी हातातलं काम बाजूला ठेवून तुम्ही माझ्यासोबत केसिक्सच्या (सर्व्हरवर अनेक युजरचा भार टाकून बघणाऱ्या टूलच्या) स्क्रिप्टवर बसलात. त्याचे आभार सगळ्यांसमोर मानावेसे वाटले, कारण तुम्ही समजावलंत ते लोड टेस्टिंग करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

मला एवढंच विचारायचं होतं, की असिंक रिक्वेस्ट, म्हणजे उत्तराची वाट न बघता पुढे जाऊ देणारी रिक्वेस्ट, वापरली तर टेस्ट जोरात पळेल का? त्यावर तुम्ही आधी ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडायला लावलात. लॉगिन झालं की आमचं होमपेज प्रोफाइल, पॉलिसींची यादी आणि नोटिफिकेशन एकदमच मागतं. ‘खरा युजर सर्व्हरला जसा भिडतो, तशी स्क्रिप्ट भिडली पाहिजे,’ हे तुमचं म्हणणं तिथे डोळ्यांनी दिसलं. प्रत्येक रिक्वेस्टपुढे अवेट, म्हणजे ‘उत्तर येईपर्यंत थांब’, लिहिलं की फंक्शन असिंक असूनही सगळं रांगेतच जातं, आणि एकदम येणारा तो भार सर्व्हरवर पडतच नाही. लॉगिनला अवेट हवाच, त्यातून मिळणाऱ्या ओळखीच्या टोकनशिवाय पुढचं काही चालणार नाही. त्यापुढच्या तिन्ही रिक्वेस्ट मात्र एकत्र सोडायच्या आणि प्रॉमिस डॉट ऑलवर, म्हणजे तिन्ही उत्तरं येईपर्यंत, थांबायचं.

मग त्यासाठी केसिक्समधलं बॅच, म्हणजे अनेक रिक्वेस्ट एकत्र पाठवणारं फंक्शन, आहेच की, असं मी म्हटलं. त्यावरचं तुमचं उत्तर मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. बॅचमधून एका वेळी जास्तीत जास्त 20 आणि एका होस्टकडे 6 रिक्वेस्ट जातात, हे आकडे सेटिंगमध्ये बदलताही येतात. पण शेवटचं उत्तर हाती येईपर्यंत बॅच पुढे सरकत नाही. ब्राउझर असा थांबत नाही. पॉलिसींची यादी आली की तो लगेच पहिल्या पॉलिसीचा तपशील मागतो, नोटिफिकेशन अजून वाटेतच असलं तरी. असिंक रिक्वेस्टचं प्रॉमिस, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराची जणू पावती, हाती असलं, तर त्यालाच पुढची रिक्वेस्ट जोडता येते. हे कळलं आणि स्क्रिप्टचा आराखडाच बदलला.

एकाच व्हर्च्युअल युजरकडून, म्हणजे टेस्टमधल्या नकली युजरकडून, लूपमध्ये हजार रिक्वेस्ट सोडायचा विचारही तुम्ही वेळीच थांबवलात. सर्व्हर युजरला ज्यावरून ओळखतो ती कुकी प्रत्येक व्हर्च्युअल युजरची वेगळी असते. त्यामुळे ते हजार लोक झाले नसते, हजार टॅब उघडून बसलेला एकच माणूस झाला असता. ग्रुपच्या, म्हणजे रिक्वेस्टना एका नावाखाली बांधणाऱ्या फंक्शनच्या, आत असिंक फंक्शन टाकू नकोस, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. तेवढ्या एका वाक्याने माझा पुष्कळ वेळ वाचला.

आणि तो अरायव्हल रेट! युजरची संख्या ठरलेली असेल तर सर्व्हर मंदावताच आपली टेस्टही मंदावते, म्हणजे नेमक्या अडचणीच्या वेळी भार कमी होतो. कॉन्स्टंट अरायव्हल रेट लावला की नव्या इटरेशन, म्हणजे स्क्रिप्टच्या फेऱ्या, ठरलेल्या वेगाने सुरू होत राहतात, आणि युजर अपुरे पडले तर ड्रॉप्ड इटरेशन्सच्या, म्हणजे सुरूच होऊ न शकलेल्या फेऱ्यांच्या, आकड्यात ते दिसतं. आता रिपोर्ट उघडला की मी तो आकडा आधी बघतो.

तुम्ही स्क्रिप्ट स्वतः लिहून दिली असती तर काम लवकर झालं असतं. तुम्ही कीबोर्ड माझ्याकडेच ठेवलात, त्याबद्दल विशेष आभार. आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीला मी आता हेच शिकवतोय, नेटवर्क टॅबपासून.

तुमचा,
शेजारच्या टीममधला टेस्टर