कॅटलॉगमध्ये ‘डिंक्या’ लिहिणाऱ्या मॅडमना

मॅडम, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मागच्या महिन्यात भर उन्हात आपल्या नागपूरच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत एक म्हातारे शेतकरी आणि त्यांचा पोरगा आले होते ना, त्यातला पोरगा मी. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा डोळे भरून आले, आज पूर्ण करतोच.

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. तीन वर्षांपासून झाडांची साल बुडाशी फाटून डिंक वाहून राहिला, पानं पिवळी पडतात आणि मग झाड वाळतं. चाळीसेक झाडं बाबांनी स्वतःच्या हाताने तोडली, सरपण झालं त्यांचं. दुकानदार दर वेळी नवी बाटली द्यायचा, हे फवारा म्हणायचा. मी नागपुरात नोकरीला, मोबाईलवर शोधलं तर नेमका याच रोगावरचा लेख सापडला, तोही विदर्भातल्या बागांवरचा, उघडायला गेलो तर डॉलरमध्ये पैसे मागते. आमच्यासारख्यांच्या झाडांची साल खरवडून केलेला अभ्यास आणि आम्हालाच कुलूप! मग एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो, तिथल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, आयडी आहे का? नाही म्हटलं तर म्हणे बाहेरच्यांना अलाऊड नाही. बाबा जिन्यावरून उतरताना म्हणाले, “जाऊ दे बाप्पा, आपल्यासाठी नसते हे.” ते मला अजून टोचतं.

तुम्ही मात्र याच रोगावरचा जुना प्रबंध शोधून आणला, इंग्रजीतला, आणि तो माझ्यासमोर नाही तर बाबांसमोर ठेवला. फोटोंचं पान काढलं. बाबांनी लगेच बोट ठेवलं, “हे तर आपल्या धुऱ्याजवळचं झाड!” मग तुम्ही अर्धा तास एकेक ओळ मराठीत सांगत गेलात. फायटोफ्थोरा नावाची बुरशी मातीतच असते, पाणी बुंध्याला लागून राहिलं की सालीत शिरते, कलमाचा डोळा मातीत दबला असेल तर आणखीच सोपं. आणि आम्ही पाटाचं पाणी थेट बुंध्याशी सोडत होतो, रोग पायाशी आणि आमचे फवारे शेंड्यावर. दुहेरी आळं करून पाणी बाहेरच्या आळ्यात द्यायचं, रोगट साल तासून बोर्डोमलम लावायचा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, हे सगळं बाबांनी बसपासच्या मागे लिहून घेतलं.

पण मला जे विसरता येत नाही ते यानंतरचं. तुम्ही विचारलंत, “काका, तुमच्याकडे याला काय म्हणतात?” बाबा म्हणाले, डिंक्या. तुम्ही कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला, कॅटलॉगमध्ये त्या प्रबंधाच्या विषयाच्या रकान्यात फक्त इंग्रजी नाव होतं, गमोसिस, त्याच्या बाजूला तुम्ही मराठीत टाइप केलं आणि बाबांना विचारलं, “डिंक्या, पहिली वेलांटी ना?” चौथी शिकलेला माणूस आहे हो तो. विद्यापीठात बसून कोणी त्याला शब्द विचारला, आणि वरून तो बरोबर लिहिला ना हेही विचारलं. बाबा काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली, बसमध्ये मात्र दोनदा म्हणाले, “माहा शब्द लिहून घेतला तिनं.”

हे विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला सुरू झालं, शंभरी उलटली. ज्या तुकडोजी महाराजांचं नाव त्याला आहे ते खंजिरी घेऊन गावोगाव फिरले, आमच्यासारख्यांच्या अंगणात येऊन त्यांच्याच बोलीत सांगितलं. विद्यापीठ सरकारी म्हणजे आपल्या सगळ्यांच्या पैशाचं, मग त्यातलं ज्ञान गेटच्या आत का थांबावं? शोधगंगा या वेबसाइटवर आता देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध कोणालाही फुकट वाचता येतात, हे तुम्हीच दाखवलं, खूप मोठी गोष्ट आहे ती. सरकारने जर्नल्ससाठी २०२५ पासून तीन वर्षांचे ६००० कोटी मंजूर केले, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, चांगलंच आहे, पण ते सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना. माझे बाबा त्यात कुठेच बसत नाहीत. आणि उद्या सगळं फुकट झालं तरी डिंक्या शोधणाऱ्याला गमोसिस कसं सापडणार, मधे तुमच्यासारखं कोणीतरी लागतंच ना. यंत्रणा कितीही मोठी करा, खुर्ची सरकवून बसा म्हणणारा माणूस नसेल तर काही उपयोग नाही, असं मला मनापासून वाटतं.

आळी करून झाली आहेत, पहिल्या पावसाच्या आत मलमही लावून झाला. काही झाडं जातीलच, बाबांना माहीत आहे ते. पण आता रोज संध्याकाळी फोनवर मला एकेक शब्द सांगतात आणि म्हणतात लिहून घे, मॅडमले द्यायचे आहेत. कोळशी, शेंडेमर, सल, आतापर्यंत अकरा झाले. पुढच्या शनिवारी यादी घेऊन येतो, वेलांट्या तेवढ्या तुम्ही बाबांनाच विचारा.